दिगदागातले वाफे, २००९

६ फेब्रुवारी २००९, शुक्रवार

सामान उतरायच्या आधीच एक साप मेला. टेम्पोचं मागचं फळकूट पाडलं आणि ओट्याखालून तो निघाला, वाळूच्याच रंगाचा. मी किंचाळले. विवेक गाडीत जाऊन बसला, काचा वर केल्या. शेजारच्या शेतातून एक म्हातारी आली. नाकावर इथल्या म्हाताऱ्या लावतात तो सोनेरी बुरखा, हातात काठी. पहिल्या फटक्यात मान मोडली. पुढेही मारतच राहिली. साप कधीच मेला होता.

मग त्याच काठीनं तिनं जमिनीवर चौकोन आखला. "यहाँ मिट्टी अच्छा. यहाँ लगाओ." मी काही लावणार आहे हे हिला कुणी सांगितलं?

उम्म खलिफा. म्हणजे खलिफाची आई. तरुणपणी नवऱ्याबरोबर मुंबईला जायची म्हणे, म्हणून हिंदी.

दुबईतल्या जेएलटीच्या एकविसाव्या मजल्यावरून थेट रास अल खैमातल्या या दिगदागात, शेतावर. माझं ऑफिस डिसेंबरात बंद झालं. वि.ची कंपनी नावाला चालू, पण साइट थांबली आणि पगारही. कंपनीच्या अरब मालकानं शेतावरचं रखवालदाराचं रिकामं घर दिलंय. "जस्ट फॉर सम टाइम, इन्शाल्ला." सईची दहावीची बोर्डाची परीक्षा, म्हणून ती दुबईतच, ऊद मेथाला मैत्रिणीकडे. गुरुवारी संध्याकाळी येणार, शनिवारी परत.

समोर डोंगर. काळे, भाजल्यासारखे.

८ फेब्रु., रवि.

खणायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कुदळ धरली. तासाभरात फोड, दुपारपर्यंत फुटले. वि. खुर्चीत, मांडीवर मोबाइल. "नीलिमा, तुझ्या हातून मनी प्लँट मेला होता. मनी प्लँट!"

खरं आहे.

फावड्याखाली एक पाल आली, दोन तुकडे झाले. शेपटीकडचा भाग कितीतरी वेळ तडफडत होता. मग पुढे खणलं.

१४ फेब्रु., शनि.

वाफे झाले. वाकडे, पण झाले. बर दुबईला देवळाच्या गल्लीतून बी आणलं: भेंडी, गवार, मिरची. टोमॅटोची रोपं इथल्याच नर्सरीतून. उम्म खलिफा कुंपणापाशी उभी राहून हसत होती. "अभी? अभी तो गर्मी आएगा. सब मरेगा. अक्टूबर में लगाते हैं."

ऑक्टोबरात मला नोकरी होती, बाई.

सई येऊन बघून गेली. "आई, धिस इज नॉट अ गार्डन. धिस लुक्स लाइक अ क्राइम सीन."

२१ फेब्रु., शनि.

सकाळी उठून बघते तर म्हातारीच्या शेळ्या वाफ्यात. भेंडीची दोन-दोन पानं नुकती सुटली होती. एक शेळी शेवटचं टोमॅटोचं रोप मुळासकट ओढून चघळत माझ्याकडे बघत होती. डोक्यात काय गेलं कळलं नाही. दगड उचलला, मारला. लांबून, सगळ्या जोरानं. माझा नेम आयुष्यात कधी लागला नव्हता.

डोळा. रक्त. ती माणसासारखी ओरडली.

उम्म खलिफा धावत आली. मला वाटलं, काठी आता माझ्यावर. तिनं माझं मनगट धरलं, ओढत नेलं, माझा हात त्या शेळीच्या तोंडावर दाबून धरला. ओलं, गरम. "देख. तूने किया. अब रोज़ आएगी तू. रोज़ दवा डालेगी."

वि. दारात उभा होता.

२४ फेब्रु., मंगळ.

रोज सकाळी जाते. शेळीला दोन गुडघ्यांत पकडायचं, मान वर, थेंब टाकायचे. लाथा खाते, मांड्या काळ्यानिळ्या. डोळा गेला, पण पू थांबला. नंतर म्हातारी कपात काळा गहवा, इथली कॉफी, देते, खजूर देते. बोलत काही नाही. काल मात्र म्हणाली, "तेरा आदमी सारा दिन बैठता है. बैठने वाला आदमी खराब होता है." मी म्हटलं, त्याचं काम थांबलंय. "सबका थांबा है," म्हणाली. माझा मराठी शब्द उचलला तिनं.

पुन्हा पेरलं, टोमॅटोची रोपंही नवी आणली. कुंपणाला तार बांधली, काटेरी. हात फाटले.

३ मार्च, मंगळ.

वि.ला ऑफिसातून फोन. फोन ठेवला आणि बाहेर गेला. मला वाटलं, फेऱ्या मारायला. ठिबकची नळी उपटल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर टोमॅटोचा वाफा तुडवत होता. बूट घालून, पद्धतशीर, एक कोपरा न सोडता. मी उभी. तो घामाघूम झाला तेव्हा थांबला.

"खलास," म्हणाला. "बारा वर्षं. खलास म्हणाला तो. हबीबी, खलास."

घर आणि व्हिसा मात्र सहा महिने ठेवणार आहेत, उपकार. व्हिसा त्याच्या नावावर, आम्ही दोघी त्याच्यावर.

मी पाणी दिलं. तो प्यायला. मग आम्ही दोघांनी मिळून नळी जोडली. लग्नाच्या आधी हा माणूस माझ्या आईला पायरी उतरताना हात द्यायचा. आजही तसाच हळुवारपणे नळीची टोकं जुळवत होता.

११ मार्च, बुध. होळी.

पोळ्या केल्या दोन. सईचा गणिताचा पेपर बरा गेला. फोनवर बोलताना वि. म्हणाला, "आई शेती करतेय, आपण शेतकरी झालो." सई हसली असावी. तो अचानक भडकला. मोबाइल भिंतीवर. मी तुकडे उचलायला वाकले तर दंड धरला माझा. "सोड, राहू दे, सोड म्हणतो ना." धरून तोच होता.

पाच बोटं उठलीत. लांब बाह्यांचा कुडता घालते. या उन्हात.

१५ मार्च, रवि.

भेंडी वीतभर. म्हातारीला हात धरून दाखवली. "मरेगा," म्हणाली. पण वाकून बघितली.

दुपारी रस्त्यावर एक मोठी गाडी थांबली. मागचं दार उघडलं, बाईचा हात दिसला, अंगठ्या, नखं रंगवलेली. कुत्र्याला बाहेर ढकललं. फिकट सोनेरी रंगाचं, गळ्यात लाल पट्टा. ते पुन्हा आत चढायला गेलं. दार लागलं ते पायावर. गाडी निघाली. ते तीन पायांवर पळालं मागे, दिसेनासं होईपर्यंत.

उम्म खलिफा म्हणते, रोजचं आहे. लोक रात्रीत देश सोडतायत. गाड्या विमानतळावर टाकतात, कुत्री इथे. ती कुत्री आता टोळीनं फिरतात वाडीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, बाजूला. भुकेली. घरात गादीवर झोपणारी.

२० मार्च, शुक्र.

ते कुत्रं काल परत आलं, आणि सई घरी होती. संपलं. नाव ठेवलं, बिस्किट. दही-भात घालते. लंगडतं, पण शेपूट हलवतं. वि. म्हणाला, "हाकल." सई म्हणाली, "बाबा, सम फॅमिली डंप्ड हिम. लाइक ट्रॅश."

वि. तिच्याकडे बघत राहिला. मग आत गेला.

सईनं माझी बाही वर केली. भांडी घासताना, सहज. जुने पिवळे वळ होते. बाही खाली केली आणि पुसायला फडकं घेतलं.

२३ मार्च, सोम.

सकाळी म्हातारीची हाक आली. हाक नव्हे, हंबरडा.

शेळ्यांचा गोठा. पत्रा खालून उकरलेला. काय लिहू. अर्ध्या शेळ्या जमिनीवर. खाल्लेल्या नाहीत, नुसत्या फाडलेल्या. पोटं बाहेर. एक पिल्लू जिवंत होतं, जबडा नसलेलं. उम्म खलिफानं ते मांडीवर घेतलं, काहीतरी पुटपुटली, सुरी फिरवली. माझी एकडोळी दाराशीच पडली होती. मान नव्हती.

वाळूत पंजेच पंजे.

मी घरी धावले. बिस्किट ओट्याखाली झोपलेलं. छातीवरचे केस चिकटलेले, तपकिरी. बादलीभर पाणी घेतलं, घासून धुतलं त्याला. का? सई परीक्षा देतेय, परवा शेवटचा पेपर, म्हणून. आणि ते माझा हात चाटत होतं, म्हणून.

म्हातारीला सांगितलं नाही.

२६ मार्च, गुरु.

पेपर संपले. सई बॅग टाकून आधी ओट्याखाली गेली. उद्या पाडवा. म्हातारीचा मुलगा खलिफा उद्या सुट्टीवर येतोय, बंदूक घेऊन. सईला हे कसं सांगू.

२९ मार्च, रवि.

दोन दिवस लिहिलं नाही. आता लिहिते. क्रमानं लिहिते.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली. वि.नं आंघोळ केली, दाढी केली, नवा शर्ट घातला. श्रीखंड डब्यातलं. तिघं जेवलो. वि.नं सईला विचारलं, पुढे सायन्सच ना? ती म्हणाली, हो. बरं चाललं होतं.

दुपारी वाडीकडून बार ऐकू आले. एक. मग बरेच. सई उठली, बिस्किटला ओढत बाथरूममध्ये नेलं, आतून कडी. थोड्या वेळानं खलिफा गेटशी. पांढरी पायघोळ कंदुरा, बाहीवर रक्ताचे शिंतोडे. वि.शी सभ्यपणे बोलला. "सर, वन डॉग, रेड बेल्ट. माय मदर सॉ हिम विथ देम. प्लीज."

वि. म्हणाला, "वन मिनिट."

बाथरूमचं दार लाथेनं उघडलं. सई कुत्र्याला मिठी मारून कोपऱ्यात. वि.नं त्याचा पट्टा धरला. कुत्रं चावलं त्याला, अंगठ्यापाशी, खोल. वि. ओरडला नाही. हसल्यासारखा आवाज केला. ओढत बाहेर आणलं. गेट तिथेच होतं, खलिफा तिथेच होता, बंदूक होती. पण वि. गेटकडे वळलाच नाही. भेंडीच्या वाफ्यात आणलं आणि माझं फावडं उचललं.

मी फटके मोजले नाहीत. पाठ मोडल्याचा आवाज आला, ओल्या लाकडासारखा. कुत्रं ओरडायचं थांबलं तरी तो थांबला नाही. खलिफा ओरडत होता, "खलास! सर! खलास!" त्या शब्दानं तर तो अजूनच पेटला. बोलत होता फटक्याफटक्याला, मराठीत, त्याच्या साहेबाचं नाव घेत. भेंडी सगळी लाल.

सई मध्ये गेली. त्याच्या हातालाच लोंबकळली. त्यानं झटकलं. फावड्याचा दांडा तिच्या मनगटावर आला. मी ते ऐकलं. तिनं हात पोटाशी धरला. आणि त्यानं फावडं पुन्हा वर नेलं. कुत्र्यावर मारणार होता? तिच्यावर? त्यालाही माहीत नसेल. मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

कुदळ भिंतीला टेकलेली होती. मी दांड्याच्या बाजूनं मारली. हे लिहून ठेवते: दांड्याच्या बाजूनं, आणि ते ठरवून. कानामागे. तो गुडघ्यावर आला. मी पुन्हा मारली, खांद्यावर. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा उम्म खलिफानं मागून कमरेला मिठी घातली. ती कधी आली मला माहीत नाही. "बस, या बिन्ती, बेटी. बस. बस."

मला बरं वाटत होतं. हेही लिहून ठेवते. हात भरून आले होते आणि छातीत मोकळं वाटत होतं, अनेक महिन्यांनी.

खलिफाच्या गाडीतून हॉस्पिटल. मागच्या सीटवर वि. मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला सई. त्याचं डोकं माझ्या ओढणीत. ड्यूटीवरची मल्याळी नर्स. वि.ला विचारलं, काय झालं? "आय स्लिप्ड. इन द गार्डन." सईला विचारलं. "स्लिप्ड." नर्सनं तिघांकडे बघितलं. "एव्हरीबडी स्लिप्ड टुडे?"

वि.ला नऊ टाके. सईचं मनगट फ्रॅक्चर, प्लास्टर. अंगठ्याला इंजेक्शनं.

बाहेर बाकावर तो रडला. आवाज न करता, नाक पुसत. "मी तिला मारणार नव्हतो, नीलू." मी म्हटलं, "मला माहीत नाही." सई पलीकडच्या बाकावर जाऊन बसली होती.

तिथूनच तो टॅक्सीनं बर दुबईला गेला, मित्राकडे. मी जा म्हटलं नाही. थांबही म्हटलं नाही.

३१ मार्च, मंगळ.

कुत्र्याला खलिफानं पुरलं, कुंपणाच्या आत, सईनं दाखवलं तिथे. तो बंदूक गाडीत ठेवून आला होता. सई त्याला म्हणाली, "यू वुड हॅव किल्ड हिम एनीवे." तो म्हणाला, "येस. बट वन बुलेट, सिस्टर."

म्हातारी रोज येते आता, माझ्याऐवजी ती. सईच्या प्लास्टरला हात लावते, काहीतरी म्हणते, जाते. तिला मी सांगून टाकलं, की मी त्याला धुतलं होतं, रक्त बघितलं होतं. तिनं ऐकलं. "मेरे को मालूम था," म्हणाली. मग, "मेरी एक बकरी तो तूने पहले ही आधी मार दी थी." उठून गेली. दोन दिवस आली नाही तर हक्क आहे तिचा.

३ एप्रिल, शुक्र.

गारा. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. दुपारी डोंगरामागून काळं आलं, वारा फिरला, आणि लिंबाएवढ्या गारा. पत्र्यावर असा आवाज की सई ओरडतेय ते तोंडावरून कळत होतं. मी भेंडीवर ताडपत्री टाकायला बाहेर पळाले. कपाळ फुटलं. मिरची खलास. गवार खलास. कुंपणावरचे बुलबुल मरून पडले, मुठीएवढे.

ताडपत्री एका हातानं कोण धरतंय म्हणून बघितलं तर सई. प्लास्टर डोक्यावर धरून. दोघी ताडपत्रीखाली चिखलात बसलो. ती हसायला लागली. मग रडायला. मीही.

भेंडी अर्धी वाचली.

संध्याकाळी उम्म खलिफा आली. डब्यात मासे-भात. आम्ही मासे खात नाही हे तिला ठाऊक आहे. मासे तिनं खाल्ले, भात आम्ही.

८ एप्रिल, बुध.

वि.चा फोन. कान अजून वाजतो म्हणाला, डाव्या बाजूला. दोन इंटरव्ह्यू झाले, काही नाही. "पुण्याला जाऊ या का तिघं?" मी म्हटलं, सईला विचारते. "तू काय म्हणतेस?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "व्हिसा मी कॅन्सल करणार नाही, घाबरू नकोस." घाबरू नकोस म्हणाला आणि मग मला भीती वाटली.

सईला विचारलं. "आय एम नॉट लिव्हिंग इन अ हाउस विथ हिम." थोड्या वेळानं, "हाऊ इज हिज हेड?"

१७ एप्रिल, शुक्र.

भेंडीवर अळ्या. चिमटीत धरून चिरडायच्या, हिरवा रस निघतो. सकाळभर तेच करत होते. सई डाव्या हातानं मदतीला. मध्येच थांबून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, यू आर एन्जॉयिंग धिस."

हात बघितले. कोपरापर्यंत हिरवे.

धुतले. उरलेल्या अळ्या तशाच ठेवल्या आज. उद्या काय ते बघू. मला वि.ची भीती वाटते हे खरं. पण त्या दिवशी म्हातारीनं धरलं नसतं तर? तो मेला असता. माझ्या हातानं, माझ्याच वाफ्यात. त्याला हे कळलंय का? फोनवर आवाज किती जपून काढतो.

२४ एप्रिल, शुक्र.

ऊन आता मारतं. नऊनंतर बाहेर उभं राहवत नाही. तरी पहिल्या भेंड्या काढल्या, ओंजळभर. उम्म खलिफाला दिल्या. तिनं एक कच्चीच चावली. "खारा है," म्हणाली. पाणीच खारं आहे इथलं. खाल्ली मात्र सगळी.

अकराला वि. आला. सांगून आला नव्हता. टॅक्सी परत पाठवली त्यानं, म्हणजे राहायच्या तयारीनं. बारीक झालाय. कानामागे केस आलेले नाहीत, टाक्यांची रेघ दिसते. हातात सईसाठी कलिंगड.

गेटची कडी आतून होती. मी काढली नाही. त्यानंही काढ म्हटलं नाही. दोघं उन्हात, मध्ये गेट.

"भेंडी आली?" म्हणाला.

"आली थोडी."

"कुत्र्याला कुठे..."

मी बोट दाखवलं. तो तिकडे बघत राहिला. घाम डोळ्यांत जात होता, पुसला नाही.

"तुला अजून वाटतं मी मारेन? तिला? तुला?"

"हो."

मान हलवली त्यानं. मग गजाला हात लावला, काढला. तापलेला होता. "आणि तू?" म्हणाला. "तू मारशील?"

मी विचार केला. खरंच केला. "हो," म्हटलं.

तो हसला नाही. जवळजवळ हायसं वाटल्यासारखं तोंड झालं त्याचं. आतून सई खिडकीशी उभी होती, पडदा हलत होता. त्यालाही दिसला. त्यानं हात वर केला. पडदा स्थिर झाला.

कलिंगड गेटखालून जाईना. त्यानं ते गेटपाशी सावलीत ठेवलं आणि रस्त्यापर्यंत चालत गेला, टॅक्सीची वाट बघत उभा राहिला. इथे दुपारी टॅक्सी मिळत नाही. अर्ध्या तासानं मी पाण्याची बाटली घेऊन निघाले, कडी काढली, तेवढ्यात खलिफाची गाडी थांबली त्याच्यापाशी. वि. आत बसताना वळून ओरडला, "पुढच्या शुक्रवारी येऊ?"

मी बाटली हातात घेऊन गेटच्या बाहेर उभी होते.

"ये," म्हटलं. "गेटपर्यंत ये."

सई विचारतेय, पुढच्या शुक्रवारी कडी काढणार का. दोनदा विचारून झालं तिचं.